काजळलेली खोळ

फोन आला तेव्हा दातांच्या दवाखान्यात सिस्टर रोडा तालाम एका निवृत्त मास्तरांच्या जबड्याचा साचा प्लास्टरमधून सोडवत होती. हात कोपरापर्यंत पांढरे. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला.

"सिस्टर, त्यांनी पुन्हा केलं." जेमेलीचा आवाज रडका नव्हता, संतापलेला होता. "माझा दातांचा नाईट गार्ड गेला. पाण्यात उकळलाय आणि वरून काळा केलाय. सासूबाईंना मी उद्या सकाळच्या गाडीने गावी पाठवतेय. कायमचं."

"कुणालाही कुठे पाठवू नकोस. आणि त्या वस्तूला हात लावू नकोस. मी निघाले."

इतेन गावात धावणारे पैशाला पासरी, पण जेमेलीसारखी दुसरी नव्हती. शनिवारी निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघींत आली की परदेशातल्या मोठ्या मॅरेथॉनचं तिकीट. आज गुरुवार.

या पोरीचं एकच दुखणं होतं. झोपेत ती दात खायची. सकाळी जबडा आखडलेला, मान लाकडासारखी, डोकं ठणकत असायचं. गेल्या वर्षी त्यापायीच तिने तिसाव्या किलोमीटरला शर्यत सोडली होती. मग रोडाने तिच्या वरच्या दातांचा साचा घेऊन पारदर्शक प्लास्टिकची खोळ, म्हणजे नाईट गार्ड, बनवली. ती घालून जेमेली झोपायला लागली आणि वेळा मिनिटामिनिटाने सुधारल्या.

दोन महिन्यांपूर्वी पहिली खोळ बिघडली होती, तो किस्सा दवाखान्यात अजून सांगितला जायचा. जेमेलीची सासू कोबिलो, हाडाची गवळण. तोंडात जाणारी वस्तू म्हणजे दूध साठवायच्या वाळक्या भोपळ्यासारखीच स्वच्छ करायची, असा तिचा हिशोब. तिने खोळ उकळत्या पाण्याने धुतली आणि सेनेत्वेत झाडाच्या जळत्या काडीने आतून छान काजळली. खोळ वाकडी होऊन केळ्याची साल झाली. डॉक्टरसुद्धा पोट धरून हसले होते. म्हातारी मात्र शरमेने खाली बघत उभी होती, म्हणून रोडाने तिला बाजूला बसवून सगळं शिकवलं होतं.

गेटातून आत शिरताच रोडाला जेमेलीचा नवरा दिसला. किबिवोट पडवीत गुडघा टेकून पत्र्याच्या पेटीला दोर आवळत होता. शेजारी स्टुलावर कोबिलो बसली होती, हात मांडीत.

"बरं झालं आलात, सिस्टर," तो म्हणाला. "जेमेलीला जरा समजवा. आईचं वय झालंय. मुद्दाम थोडंच केलं असणार तिने?"

"मग पेटी कशाला बांधतोयस?"

"बायकोचा हुकूम," तो हसला. "या घरात माझं कोण ऐकतं?"

कोबिलो मुलाच्या हातांकडे बघत होती.

जेमेली आत डोक्याला फडकं गुंडाळून बसली होती. समोर टेबलावर डबी उघडी होती. रोडाने खोळ चिमटीत धरून खिडकीशी नेली. दोन्ही टोकं आत वळलेली. उकळत्या पाण्याचंच काम, शंका नव्हती. आणि काळी मिट्ट, पण फक्त बाहेरून. जिथे दात बसतात ती आतली बाजू स्वच्छ होती.

तिने अंगठ्याने काळं घासून पाहिलं. निघेना. ओल्या कापसाने घासलं, तरी निघेना. मग नखाने खरवडलं तेव्हा कळलं. बारीक खरखरीत कण प्लास्टिकमध्ये रुतून बसले होते, भाकरीच्या पिठात वाळू मळली जावी तसे.

पहिल्या खोळीचं काजळ मऊ होतं. नुसतं बोट लावलं तरी बोटाला यायचं. रोडाला ते पक्कं आठवत होतं, कारण तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला त्याचा डाग पडला होता आणि तो धुताना तिने कोबिलोच्या नावाने बोटं मोडली होती.

"सकाळपासूनचं सांग," ती जेमेलीला म्हणाली.

"साडेपाचला मी उठले, खोळ डबीत ठेवली. सहाला पळायला गेलो. मी, डोरीन, आणि मागे मोटारसायकलवर पाणी घेऊन किबिवोट. डोरीनची पोटरी धरली म्हणून ती साडेसातलाच घरी परतली. आम्ही दोघं नऊला आलो. मी आंघोळ करून जरा पडले, मग मालिशवालीकडे गेले. दुपारी झोपायला म्हणून दोनला डबी उघडली, तर हे."

"आणि सासूबाई?"

"नेहमीप्रमाणे सातला खोळ धुतात. आठला बाजारात गेल्या, अकराला आल्या." जेमेलीने दात आवळले आणि लगेच गाल धरला. "सिस्टर, त्यांना माझा हेवा वाटतो. घर माझ्या पैशाचं, गाय माझ्या पैशाची. पहिल्यांदा चूक झाली, मान्य. दुसऱ्यांदा चूक होत नसते."

रोडा स्वयंपाकघरात गेली. कोबिलो आता तिथे चुलीपाशी येऊन बसली होती. भिंतीवर मुरसिकचे, म्हणजे आंबवलेल्या दुधाचे, तीन भोपळे टांगलेले, चामड्याच्या पट्ट्यांचे, वापरून तेलकट झालेले. जवळ सेनेत्वेतच्या काड्यांची जुडी होती.

"मावशी, आज सकाळी खोळ कशी धुतलीस?"

"थंड पाण्याने." म्हातारीने पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगितलं. "मऊ ब्रश. थेंबभर साबण. दात घासायची पेस्ट नाही, तिने चरे पडतात. मग फडक्याने टिपायची, उन्हात नाही ठेवायची, भोकांच्या डबीत ठेवायची. रोज तेच करते. एकदा तोंड पोळलंय माझं, आता मी ताकही फुंकून पिते."

"मग ही काळी कुणी केली?"

म्हातारीने भोपळ्यांकडे पाहिलं.

"मीच केली असेल."

"आत्ताच तर म्हणालीस थंड पाण्याने धुतली!"

"म्हातारं माणूस विसरतं. लिहून टाक, कोबिलोने केलं. मी उद्या जातेच आहे."

"कुणाला पाठीशी घालतेयस, मावशी?"

तेवढ्यात दारात सावली पडली. किबिवोट रिकामा कप घेऊन आत येत होता. कोबिलोने फुंकणी उचलली.

"बाहेर! किती वेळा सांगायचं? पुरुषाची सावली पडली की भोपळ्यातलं दूध नासतं. जन्मात आत आला नाहीस, आता कशाला येतोस?"

तो हात वर करून मागच्या मागे गेला. रोडाला हसू आलं. तिच्या माहेरीही हेच चालायचं. तिच्या वडिलांनी सत्तर वर्षांत एकदाही भोपळा धुताना पाहिला नव्हता.

डोरीन मागच्या अंगणात पोटरीला तेल चोळत बसली होती. ती जेमेलीच्या घरात राहायची, तिच्यासोबत पळायची, आणि गेल्या चार शर्यतींत तिच्या मागे दुसरी आली होती.

"सगळे माझ्याकडेच बघताहेत ना?" रोडा बसायच्या आत ती म्हणाली. "साडेसातपासून घरात मीच होते. आठ ते नऊ तर एकटीच."

"मग? तू केलंस?"

"नाही. पण हेवा वाटतो का विचाराल, तर वाटतो. भरपूर वाटतो. ती झोपते तेव्हा मी देवाला म्हणते, उद्या हिचा गजर वाजू नये. मग वाजतो, आणि मीच तिला चहा नेऊन देते. चार शर्यती मी तिची पाठ बघत पळालेय, सिस्टर. तिच्या बनियनवरची शिवण मला पाठ आहे."

"तोंडाची चांगलीच फटकळ आहेस."

"खोटं बोलून पाय थोडेच जोरात पळणार आहेत?"

"बरं. समज, म्हातारीनेच केलं. कसं केलं असेल?"

डोरीनने खांदे उडवले. "भोपळा करतात तसंच. आधी उकळतं पाणी घालून खळबळवायचं. मग उपडा टांगून कोरडा ठणठणीत होऊ द्यायचा. ओल्यात काडी फिरवली तर सगळा लगदा होतो, आई पाठीत धपाटा घालायची. कोरडा झाला की जळती काडी आतून फिरवायची." ती थांबली. "पण सकाळी बाजारात जायच्या आधी कोबिलोआईने खोळ डबीत ठेवली ती मी पाहिली. काचेसारखी स्वच्छ होती. आणि एक सांगू? साडेनऊला मी पोटरी शेकायला थर्मासमधलं पाणी घ्यायला गेले, तर थर्मास रिकामा. सकाळी काठोकाठ भरलेला होता. कुणी प्यायलं एवढं?"

"स्वयंपाकघरातला थर्मास?"

"नाही, बैठकीतला. शेगडीशेजारचा."

रोडा पडवीत परतली. किबिवोट पेटीवरच बसला होता. चार वर्षांपूर्वीपर्यंत तोही पळायचा, आणि जेमेलीपेक्षा त्याचं नाव मोठं होतं. मग गुडघा गेला. आता तो बायकोच्या पाण्याच्या बाटल्या धरायचा आणि घड्याळ दाबायचा.

"तुझा कुणावर संशय?"

"डोरीनवर म्हणवत नाही, पोरगी चांगली आहे. आईच असणार. बिचारी." त्याने मान हलवली. "मी तर म्हणतो सिस्टर, चिंता सोडा आणि नवी खोळ बनवा. लागेल ते सामान मी एल्डोरेटहून आणून देतो. आत्ता निघतो, म्हणाल तर."

"जेमेलीचा हेवा कुणाला वाटतो या घरात?"

"सगळ्यांनाच वाटत असेल थोडाफार. मला सोडून. मला तिचा अभिमान आहे. माझ्या मनात कणभरही तसं नाही."

"समज, आईनेच केलं. कसं केलं असेल?"

"कसं म्हणजे? भोपळ्याला करतात तसंच. आधी कोळसा फासायचा, मग वरून उकळतं पाणी."

"अच्छा," रोडा म्हणाली.

ती गेटापर्यंत चालत गेली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. तिला एकदम तिची शाळा आठवली. तिच्या वर्गात एक मुलगी होती, रोडापेक्षा अर्ध्या पावलाने वेगवान. जिल्ह्याच्या शर्यतीआधी रोडाने तिचा एक बूट धान्याच्या कणगीत लपवला होता. आणि मग सगळ्यांत जास्त धावाधाव करून तो बूट शोधायलाही रोडाच लागली होती. "मला तुझ्याबद्दल काही वाटत नाही गं," असंही तिनेच सांगितलं होतं, कुणी विचारलं नसताना. ती मुलगी अनवाणी पळून पहिली आली. ते सोडा. पण हेवा लपवणाऱ्या माणसाचा आवाज कसा गोड होतो, ते रोडाला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं.

तिने सगळ्यांना बैठकीत बोलावलं. जेमेली खुर्चीत, डोरीन दाराशी, किबिवोट उभा. कोबिलो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली, आत ना बाहेर.

"हे सोंग मला आधी फसवून गेलं," रोडाने खोळ टेबलावर ठेवली. "वाकडी आणि काळी. म्हणजे म्हातारीचीच जुनी खोड. ज्याने केलं, त्याला आपण असंच समजावं हेच हवं होतं. पण त्याने दोन चुका केल्या. पहिली ही की काळं बाहेरून फासलं. भोपळा बाहेरून कोण काजळतं? दूध आत असतं."

"घाईत केलं असेल," किबिवोट म्हणाला.

"असेल. दुसरी चूक घाईची नाही. हे बघ, जेमेली, नख लाव. कण रुतलेत ना? हे प्लास्टिक गार असताना कडक असतं, त्याच्यावर काहीही फासा, पुसलं जातं. उकळत्या पाण्यात ते मऊ पडतं, आणि अंगावर जे असेल ते आत ओढून घेतं. याचा अर्थ काय?"

जेमेलीने नख लावलं. ती शेतकऱ्याची मुलगी होती. तिला एका क्षणात कळलं.

"कोळसा आधी लावला. पाणी नंतर घातलं."

"उलटं! आधी पाणी, मग वाळवणं, मग काजळ. कोबिलोमावशीने आयुष्यात हजार भोपळे केलेत. तिचा हात झोपेतही उलटा चालणार नाही. डोरीनने मला क्रम बरोबर सांगितला, आईच्या धपाट्यासकट. तिने म्हातारीचं सोंग आणलं असतं, तर बिनचूक आणलं असतं. तुलाही तो क्रम पाठ आहे, जेमेली. शिवाय हे सेनेत्वेतचं मऊ काजळ नाही. हा शेगडीतला साधा कोळसा आहे, कुटलेला. काड्यांची जुडी स्वयंपाकघरात टांगलेली आहे. कोळसा आणि गरम पाण्याचा थर्मास इथे, बैठकीत. साडेनऊला तो थर्मास रिकामा होता. म्हणजे हे काम केलं अशा माणसाने, जो आठ ते अकरा म्हातारी बाजारात असतानाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकला नाही. सवयच नाही ना. ज्याने भोपळा धुताना कधी पाहिलाच नाही."

कुणीही किबिवोटकडे पाहिलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

"नऊला तुम्ही दोघं आलात," रोडा पुढे म्हणाली. "जेमेली आंघोळीला गेली, डोरीन मागच्या अंगणात होती. बैठकीत तू एकटा. आणि मघाशी तूच मला म्हणालास, आधी कोळसा फासायचा, मग उकळतं पाणी. या घरात असं सांगणारा एकच माणूस आहे, किबिवोट."

तो भिंतीपाशी सरकला. मग खाली बसला. दुखऱ्या गुडघ्याचा पाय लांब करून.

"पेट्रोल पंपावरची पोरं मला काय म्हणतात, माहीत आहे?" तो म्हणाला. "जेमेलीचा माणूस. माझं नाव त्यांना माहीतसुद्धा नाही. ज्या रस्त्यावर मी सगळ्यांच्या पुढे असायचो, त्याच रस्त्यावर मी हिच्या मागे बाटल्या घेऊन फिरतो. ही वेळ विचारते आणि मी सांगतो. दर आठवड्याला माझी जुनी वेळ मोडताना मीच घड्याळ दाबतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ही शर्यत तेवढी जाऊ दे म्हटलं. एकच. एकदा हरून घरी ये, माझ्याजवळ बस. मला वाटलं, मागच्यासारखे सगळे हसतील. म्हातारीवर कोण रागावतं? तू तिला हाकलशील असं माझ्या डोक्यातही आलं नाही."

"आणि हाकललं तेव्हा?" जेमेलीने विचारलं.

तो गुडघा चोळू लागला.

जेमेली उठली आणि सासूसमोर उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली. "आई, माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही जळता माझ्यावर."

"जळतेच की," कोबिलो म्हणाली. "माझा मुलगा पहिला यायचा, तेव्हा गाव माझ्या दारात यायचं. आता तुझ्यासाठी येतं. जळत नाही तर काय? पण म्हणून मी कुणाच्या तोंडातली वस्तू बिघडवत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला कळलं होतं?"

"दुपारी तू ते माझ्या तोंडासमोर नाचवलंस, तेव्हाच कळलं. माझं काजळ मला ओळखू येणार नाही? घरात पुरुष एकच. मुलगा पकडला जाण्यापेक्षा मी गावी गेलेली बरी, असं म्हटलं."

मग ती किबिवोटकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

"तुझा हेवा मला समजला रे. मीच तुला धावायला शिकवलं, तुझा गुडघा गेला तेव्हा तुझ्याआधी मी रडले. खोळ बिघडवलीस, तेही समजलं. पण तू माझी पेटी बांधत होतास, आणि मी स्टुलावर बसून तुझ्या हातांकडे बघत होते. पहिली गाठ मारलीस, म्हटलं आता बोलेल. दुसरी मारलीस, म्हटलं आता बोलेल. चार गाठी मारल्यास तू. आणि वर म्हणालास, आई, पाय उचल."

किबिवोट उठून बाहेर गेला. मोटारसायकलपाशी उभा राहिला, पण त्याने ती सुरू केली नाही.

"साचा माझ्याकडे आहे," रोडा हळूच जेमेलीला म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत नवी खोळ देते. शुक्रवारची रात्र नीट झोपशील."

जेमेलीने मान हलवली. खिडकीतून तिने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"डोरीन," ती म्हणाली, "शनिवारी घड्याळ तुझा भाऊ धरेल का?"

"माझा भाऊ? अगं, तो माझ्या बाजूचा आहे!"

"असू दे," जेमेली म्हणाली. "निदान तो तसं तोंडावर सांगतो तरी."

कोबिलो उंबऱ्यावरून उठली आणि पडवीत जाऊन एकटीच पेटीचे दोर सोडायला लागली. गाठी फार घट्ट होत्या. डोरीन मदतीला धावली, तर म्हातारीने तिचा हात बाजूला केला आणि बाहेर उभ्या मुलाला हाक मारली.

"ये. तूच बांधल्यास, तूच सोड."

तो आला. आईसमोर खाली बसला, आणि सगळ्यांच्या देखत एकेक गाठ सोडू लागला.